पालथी फोड

बर्मिंगहॅम, मंगळवार, १८ नोव्हेंबर २००३

उद्या सौ.च्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. ती घरी परत येईल ना? शेजारच्या नायजेरियन आजीबाईंनी त्यांच्या योरुबा रीतीप्रमाणे कोलाच्या बीच्या चार फोडी बशीत टाकून देवाला तेच विचारले. तीन उताण्या पडल्या, एक पालथी.

"बाबा," आजीबाई म्हणाल्या, "हे 'कदाचित' झाले. असे पडले की पुन्हा विचारायचे असते. टाकू?"

मी बशीवर हात ठेवला. "नको."

"घाबरलात?"

"आमच्या गावी देवाला कौल एकदाच लावतात," असे मी ताठ मानेने सांगितले. ते खरे नाही. आम्हीही पुन्हा लावतो. परंतु ती एक पालथी फोड... पुढच्या खेपेस चारही पालथ्या पडून 'नाही' आले असते, तर उद्या सौ.चा हात हातात घेऊन मी हसलो कसा असतो? 'कदाचित' एवढेच घेऊन मी इस्पितळात जाईन.