नाक बंद केलेलं कबूतर

मंगळवार, संध्याकाळ. महाड.

सकाळी नातीनं मोबाइलवर वाचून दाखवलं, कबुतरं म्हणे वासावरूनही घर शोधतात. नाक बंद केलं तर वाट चुकतात. शाळेत घरट्याकडे परतणाऱ्या पाखरांच्या केवढ्या कविता पाठ केल्या होत्या. नाकाचं एकीतही नव्हतं.

मागे आलेल्या मोठ्या तापानंतर मला वास येत नाही, हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

तरी दुपारी गावी, तुडीलला गेलो. ही वारल्यापासून तिथलं घर बंद. दिवाळीनंतर तिथेच एकटा राहीन, असं मुलाला सांगून ठेवलं होतं. फळीवर हिनं पावसाळ्यासाठी भरून ठेवलेला सुकटीचा, सुक्या मासळीचा डबा होता. उघडून नाकाशी धरला. काही नाही. याच वासावरून चाळीस वर्षं हिच्याशी भांडलो. पुन्हा धरला.

शेजारच्या वहिनी पदर नाकाला लावून दारात आल्या. "भावजी, सडलीय ती सुकट. रस्त्यापर्यंत घाण येतेय, आन् तुम्ही हुंगत काय बसलाव?"

"मला वास येत नाय, वहिनी."

त्या उंबरा ओलांडून आत आल्या. मग हळू म्हणाल्या, "मंग एकटे कसे राहणार? गॅस सुटला तरी कळायचा नाय."

खरंच. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? त्यांनी डबा घरामागच्या परड्यात नेऊन रिकामा केला. मी अडवलं नाही. रडू येईल वाटलं होतं, तेही नाही. घराची चावी त्यांच्याकडे दिली आणि एसटीत बसलो. गाडी सुटायच्या आधीच झोप लागली.