सीटखालचा हिरवा

९ फेब्रुवारी २००९, सोमवार. उणे चोवीस.
आजपासून नोंदी ठेवणार. शिस्त हवी म्हणून.
एव्हर्टची बर्फगाडी कोठारात उभी आहे. सैन्याची, १९६७ची. चाकांच्या जागी रबरी पट्टे, एकामागे एक जोडलेले दोन डबे. एव्हर्ट, माझा नवरा, जाऊन दोन वर्षं होत आली, तेव्हापासून तिला कोणी हात लावलेला नाही. मे महिन्यात हे तळ्याकाठचं घर विकायचं आणि मी शहरात फ्लॅटमध्ये जायचं, असं माझ्या मुलीनं, सोल्वेगनं, ठरवलंय. (मी ठरवू दिलं.) गाडीला दोनच वाटा. रेजिमेंटच्या संग्रहालयात एक जागा रिकामी आहे. २८ मार्चला त्यांचा परीक्षक येईल. रंग मूळच्या छटेचा असेल तरच गाडी घेतील. नाहीतर स्की-हॉटेलवाला हेदमान ती विकत घेऊन पर्यटकांना फिरवणार. पिवळी रंगवून. पिवळी!
सत्तेचाळीस दिवस आहेत. भरपूर. भावनेचा प्रश्न नाही, प्रश्न इतिहासाचा आहे.

११ फेब्रुवारी.
शेजारचा बोर्ये आला. म्हणाला, "बाई, आधी एका कोपऱ्यात ब्लेडनं थर सोलून बघा. सगळ्यात खालचा तो खरा." उप्सालाला चार वर्षं रसायनशास्त्र शिकले, पस्तीस वर्षं शिकवलं. त्यातलं एक वर्ष बोर्येला. काठावर पास झाला होता.

१४ फेब्रुवारी.
सापडला! ड्रायव्हरच्या सीटखाली, वहीच्या पानाएवढा पत्रा. गुळगुळीत, ताजा, गडद हिरवा. तिथे ऊन नाही, पाऊस नाही, बुटांचे ओरखडे नाहीत, म्हणून टिकला. बाकीची गाडी मळकट, उडालेली. तर्क साधा आहे.
बोर्ये म्हणाला, "तिथला तळ सडला होता ना? एव्हर्टनं नवा पत्रा जोडला होता बहुतेक."
"बहुतेक" म्हणजे पुरावा नव्हे, असं त्याला सांगितलं. मान डोलावून कोठाराबाहेर गेला. शाळेतही अशीच मान डोलवायचा.

१६ फेब्रुवारी.
घरातले नळ यंदाही गोठले. तळ्याकडच्या लाकडी संडासापर्यंत फावड्यानं वाट काढली. दार सताड उघडं टाकून बसले, चाळीस वर्षं बसते तशी. समोर अख्खं तळं. माणसानं मोकळी हवा घ्यावी. एव्हर्ट दार लावून बसायचा, तास तासभर. पाहुणेही दार लावतात. काय बघतात कोण जाणे.

२१ फेब्रुवारी, सकाळ.
निश्चय: अर्धवट काम नको. दोन्ही डबे मशीननं घासून चकचकीत पत्र्यापर्यंत न्यायचे.
संध्याकाळ. झालं. नमुन्यापुरता सीटखालचा तुकडा ठेवला. बोर्ये दारातच थांबला. "बाई, एक कोपरा तरी ठेवायचा होतात. आता चुकलं तर मागे जाता येणार नाही." म्हटलं, चुकणार नाही, म्हणूनच मागचा रस्ता ठेवला नाही.
खांदा दुखतोय. थंडीनं.

२६ फेब्रुवारी.
रंगाच्या दुकानात गेले. खरवडलेला कपचा त्यांच्या यंत्रानं बघितला आणि लगेच नंबर दिला. दुकानातली बाई म्हणाली, "हा बाहेरच्या लाकडाचा रंग आहे. कुंपणं, शेड वगैरे. आम्ही वर्षानुवर्षं विकतो." यावरून काय सिद्ध होतं? सैन्याचा रंग कंपनीनं उचलला. यंत्राला इतिहास कळत नाही. पत्र्यावर चालेल असा त्याच छटेचा करून घेतला. सहा डबे.

८ मार्च.
कोठारात दोन शेगड्या लावूनही पारा पाचवर जात नाही. पहिला हात ओघळला. घासून काढला. वीस दिवस.

१३ मार्च.
पुन्हा ओघळला. रंगाच्या वासानं काल डोकं चढलं, बर्फात बसून राहावं लागलं. बोर्येनं न विचारता त्याचा मोठा हीटर आणून लावला. वाद घालायला वेळ नव्हता.

१७ मार्च.
धरला! एकसारखा, शांत, गडद. एव्हर्टची बहीण गुनवोर कॉफी घेऊन आली होती. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "अगं इंगेगर्ड, हा रंग मी कुठेतरी बघितलाय. बघून कसं निवांत वाटतं गं." अर्थातच. देशभर या गाड्या होत्या.

२२ मार्च.
सोल्वेग आली. "आई, याच्याकडे बघून लहानपण आठवतं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या." मग म्हणाली, "ती पिवळी झाली तर तुला बघवणार नाही ना?" म्हटलं, मला काय त्याचं, लोखंडच आहे. तिनं माझा हात धरला. हाताला रंग लागेल म्हणून सोडवून घेतला.

२५ मार्च.
इंजिन चालू होत नाही. बोर्ये गाडीखाली सहा तास. बाहेर येऊन रंगाकडे बघत राहिला. "बाई, मलाही हा ओळखीचा वाटतो. बसून बघितल्यासारखा." गाडीत बसूनच बघतात, म्हटलं. तीन माणसं एकच सांगतात, म्हणजे रंग अचूक आहे.
तरी एकदा ब्लेड घेऊन सीटखाली वाकले होते. तुकड्याच्या कडेला जोडाची रेघ दिसते. ब्लेड परत ठेवलं. गरज नाही.

२८ मार्च, सकाळी सात.
इंजिन चालू झालं. वारा जोरात. संग्रहालयाचा परीक्षक, मेजर स्टोलनाके, अकराला येणार.

दुपारी एक.
जे झालं ते क्रमानं लिहिते.
मेजरनं गाडी बघितली. पट्टे उत्तम, इंजिन उत्तम, असं म्हणाला. रंगावर काही बोलला नाही. मी कॉफी दिली, आमच्याकडच्या रीतीनं चीज घालून. तीन कप प्यायला. मग संडास कुठे विचारलं.
बराच वेळ आला नाही. आला तेव्हा टोपी हातात होती. "इंगेगर्डबाई, जरा जाऊन या. पण दार लावा."
गेले. वाऱ्यानं दार आपटून आपणच लागलं.
आतल्या बाजूनं दार हिरवं आहे. वरपासून खालपर्यंत, तोच हिरवा.
त्यावर एव्हर्टच्या पेन्सिलनं तारखा. दर वर्षी तळ्यातला बर्फ कधी फुटला. २१ मे १९९४. १८ मे १९९५. चौदा ओळी. शेवटची २००६ची नाही, २००७ची. त्या मे महिन्यात तो हॉस्पिटलमध्ये होता. अक्षर सोल्वेगचं. त्यानं तिला सांगून लिहून घेतलं असणार.
सगळ्यांनी हे बघितलं होतं. मी तळं बघत होते.

दुपारी तीन.
परत आले तेव्हा मेजर सीट उचलून बसला होता. खिशातल्या चाकूनं त्यानं माझा नमुना नखाएवढा खरवडला. खाली नवाच पत्रा. जुना रंग नाहीच. "एखादा कोपरा राहिला असता तर त्यावरून करून घेतलं असतं," म्हणाला. "आता हिच्यावर हिचं स्वतःचं काही उरलं नाही." बोर्ये तिथेच होता. "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.
जागा दुसऱ्या गाडीला गेली.

३० मार्च.
हेदमान येऊन गेला. पिवळा डबा बरोबरच आणला होता, रंग दाखवायला. त्याला सांगितलं, निदान सीटखालचा तुकडा तसाच ठेव. का, म्हणाला. ऐतिहासिक आहे, म्हटलं.
ठेवतो म्हणाला.

९ मे.
सामान गेलं. संडासाचं दार बिजागऱ्यांतून काढलं, बोर्येनं दुसरं टोक धरलं. फ्लॅटमध्ये ते कुठेच मावत नाही. पलंगामागे भिंतीला टेकवून ठेवलंय. सोल्वेगनं विचारलं, हे कशाला?
रंगाचा नमुना म्हणून, सांगितलं.
तळ्यातला बर्फ अजून फुटलेला नाही. फुटला की बोर्ये फोन करणार आहे. पेन्सिल टोक करून ठेवली. शिस्त म्हणून.