लहानपणापासून अशीच

माउंट ड्रुइट,
सोमवार, १४ ऑक्टोबर

माझ्या लाडक्या पेनिनाला,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत, माझा गुडघा सोडून. तो आता पावसाचा अंदाज रेडिओच्या आधी सांगतो. वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात मला सकाळची पाळी मिळाली आहे.

काल चर्चमध्ये मुलांचा पांढरा रविवार झाला. लीसीने पांढऱ्या झग्यात उभं राहून आपलं वचन न अडखळता म्हटलं. मग आपल्या बेटांवरच्या रीतीप्रमाणे मुलं आधी जेवायला बसली आणि आम्ही म्हातारे वाढपी. मी तुझंही ताट वाढलं. तर तुझी ही धाकटी बहीण म्हणते, "आत्या, ताई येणार नाहीये, मग तिची तंगडी कोण राखत बसलंय?" सगळे हसले. मीही हसले, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. नारळाच्या दुधातले पाव तुला आणून दिले असते, पण बाहेरचं खाणं तुमच्या फाटकातून आत घेत नाहीत.

बघ, किती लांबण लावलं मी. मुद्द्यावर यायचा धीर होत नाहीये.

कोर्टाने तुला तिथे, त्या कुलूपबंद उपचारगृहात, आणखी तीन महिने ठेवलं, ते डॉक्टरांमुळे, असं मी तुला फोनवर सांगितलं. ते खोटं होतं.

डॉक्टरांनी अहवालात एवढंच लिहिलं होतं की मुलगी मान खाली घालते, डोळ्याला डोळा भिडवत नाही, आत्या भेटायला आली की खुर्ची सोडून जमिनीवर बसते. न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, "घरीही अशीच वागते का?" पेनिना, मला वाटलं, बाई तुझ्या वळणाचं कौतुक करतायत! माझी छाती फुगली. म्हटलं, "लहानपणापासून अशीच आहे, बाई. मोठ्यांसमोर तोंडातून शब्द काढायची नाही." त्यांनी ते लिहून घेतलं.

आपल्या वकील ब्रेननबाई माझ्या कानाशी लागल्या. "लूपे, काय बोलून बसलात हे! त्या संस्कार नाही विचारत, आजार विचारतायत. उठा, सांगा त्यांना, नाहीतर पोरगी आतच राहील."

मला कळलं. तिथेच कळलं. आणि मी उठले नाही.

जुलैत तू स्टेशनच्या शौचालयात सापडलीस तेव्हा तुझे ओठ निळे पडले होते. त्याआधी नऊ वेळा पळालीस, नऊ वेळा मी तुला नशा पुरवणाऱ्या त्या गाडीवाल्याच्या दारात जाऊन उभी राहिले. दाराला कुलूप असलं म्हणजे तू जिवंत राहशील, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. तुझे वडील जाताना मी माझ्या त्या भावाला तुला सांभाळायचा शब्द दिला होता ना. सुनावणीच्या त्या रात्री मला गाढ झोप लागली, कित्येक महिन्यांनी. त्या झोपेची आता मला शिसारी येते.

कारण मागच्या भेटीत तू जमिनीकडे बघत विचारलंस, "आत्या, माझं काय चुकतंय? तू शिकवलंस तसंच तर वागतेय मी." आणि मी नुसता तुझ्या केसांवरून हात फिरवत राहिले.

ब्रेननबाईंनी खटपट करून शुक्रवारी पुन्हा सुनावणी लावून घेतली आहे. या वेळी मी उठणार. सगळं सांगणार, त्या झोपेचंही. तू घरी आलीस आणि पुन्हा पळालीस तर मी काय करीन, मला माहीत नाही. देवाशपथ माहीत नाही. तरी सांगणार.

तू एवढंच कर. न्यायाधीशबाई बोलतील तेव्हा मान वर ठेव. ज्याला मी तुला उद्धटपणा म्हणायला शिकवलं, त्याला इथे खरेपणा म्हणतात. आणि मी बोलायला उभी राहिले की जमिनीवर उतरू नकोस. खुर्चीवर बस आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघ. रागाने बघितलंस तरी चालेल.

मान खाली घालून,
तुझी आत्या
लूपे