कुलरचा पंखा अन् माझ्या मासोळ्या

रविवार, संध्याकाळ. जवाहरनगर.

डोकं अजून तापलेलंच आहे. दुपारी मी बाजारात गेली, तेवढ्यात यांनी माझ्या मासोळ्यांच्या टाकीतला फिल्टर खोलला. मोटरीतला इवलासा पंखा काढला अन् कुलरच्या जुन्या पंपातला मोठा पंखा घासून-घासून तिथं बसवला. मले विचारलं? कायले विचारतील!

"पाह्य, कशी धार येऊन राहिली! वैनगंगाच!" म्हणे.

यांचं गाव नदीकाठचं. यांच्या लेखी वाहते तेच पाणी. पण या मासोळ्या मी माहेराहून आणल्या, सानगडीच्या आमच्या शेतातल्या बोडीतून. बोडीचं पाणी थांबलेलं असते. तिथल्या मासोळ्यांनी ही धार कशी झेलावी? साऱ्या दगडामागं दडून बसल्या. दाणे टाकले, तर एकही बाहेर आली नाही.

शेजारचे काका आले, त्यांनीही धारच पाहिली. "मस्त फोर्स आहे!" दगडामागं पाहावं, असं कोणाच्याच मनात कसं येत नाही?

शेवटी मी बटन बंद केलं. पाणी थांबलं. जराशानं एक मासोळी दगडामागून निघाली, मग साऱ्याच.

हे अंगणातून ओरडले, "मोटर काहून बंद पडली? जळली का?"

"जळली नाही, मी बंद केली. एवढी वैनगंगा पायजे असन, तर जाऊन तिच्यातच पोहून या!"

तेव्हापासून तोंड फुगवून बसले आहेत. जेवलेही नाहीत.

मासोळ्या जेवल्या.