दिवेलागणीले मरणारा कॅमेरा

३१ जुलै, गुरुवार

आजही तेच. दिवसभर मोबाईलवर सारं गाव दिसते. कोणाची बकरी कोणाच्या दारात, कोण नळावर भांडून राह्यलं, सारं. अन् परल्याचा दारूचा अड्डा उघडायच्या टायमाले चित्र गायब. खाली लाल अक्षरात 'ऑफलाइन'. अड्ड्याच्या गल्लीच्या तोंडावर आम्ही बचत गटाच्या बायांनी कॅमेरा कायले लावला मंग? बकऱ्या मोजाले?

पियुषले फोन केला. पुसदचा कॅमेऱ्यावाला. "काकू, कॅमेरे जुने हायत, क्लाउड नवीन हाय. कधी कधी त्यायचं जमत नाही." क्लाउड म्हणजे दूरचा कॉम्प्युटर, आपलं चित्र नेटवरून तिथं जाऊन राह्यते — हे त्यानंच समजावलं होतं. म्हटलं, दिवसा जमते अन् संध्याकाळी काहून बिनसते रे? नवराबायको हायत का ते? हसला नुसता.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सरपंचाकडे गेलती. बसंतीबाई संगं होती, गटाची अध्यक्ष. सरपंच म्हणे, "विमलताई, कॅमेऱ्याचं चित्र साठवणारा डब्बा तुमच्या घरात. त्यातलं चित्र आणसान त परल्या म्हणन घरी बनवलं. क्लाउडवरचं आणा, त्याले कोणाचा हात लागत नाही. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत पडद्यावर लावू. मंग पाहू परल्या कसा दुकान चालवते त."

क्लाउडवरच त संध्याकाळचं काही जात नाही बाप्पा!

सांजच्याले अपेक्षाचा फोन. सून माही. नातीले, खुशीले, घेऊन राजूरले माहेरी जाऊन बसली. "आई, अड्डा बंद झाला त येईन. नाही त पंधरा ऑगस्ट झाल्यावर खुशीचं नाव इथल्याच शाळेत टाकीन." तिचं चुकलं असं म्हणाले तोंड नाही. माह्या पोरानं, अंकुरनं, पिऊन येऊन पोरीच्या पुढचं ताट फेकलं, माह्या डोळ्यादेखत. भात भिंतीले चिकटला होता. मीच पुसला.

४ ऑगस्ट, सोमवार

पियुष आला. वायरीची टोकं कापली, नवीन पिना लावल्या, पासवर्ड बदलला, खांबावर चढला, उतरला. मंग डब्बा टीव्हीले जोडला अन् कपाळाले हात. डब्ब्यात तारीख — एक जानेवारी, सन दोन हजार.

"काकू, याच्या आतला सेल मेला. लाईट गेली का डब्बा सन दोन हजारात जाते. क्लाउड म्हणते तुही तारीख खोटी, तुले घेत नाही."

म्हणजे मी रोज सकाळी फोन करो अन् हा तिकून तारीख दुरुस्त करे, म्हणून दिवसा चाले. हे आता सांगून राह्यला.

सन दोन हजारात अंकुर माह्या कडेवर होता. डब्बा बरा. रोज तिथं जाऊन येते.

नवीन सेल टाकला. जाता जाता म्हणे, "पण काकू, रोज संध्याकाळी तुमच्याच घरची लाईट कशी जाते?"

५ ऑगस्ट

सापडलं. रोज सांजच्याले दूध घालाले डेअरीवर जातो, आज गेली नाही, घरीच बसली. दिवेलागणीले हे आले — डब्ब्याची पिन उपटली अन् फवाऱ्याचा पंप लावला चार्जिंगले!

"अजी, एवढ्या घरात तुमाले हाच बोर्ड सापडला?"

"बाकीचे ढिल्ले हायत. पंप चार्ज नाही झाला त पऱ्हाटीच्या बोंडावरची अळी तुह्या कॅमेऱ्याले भेणार हाय का?"

बसंतीबाईले सांगतलं त हसून हसून ओट्यावर बसली. "चोर घरात अन् आपण पुसदचा डॉक्टर आणला!" मलेही हसू आलं. किती दिसानं.

६ ऑगस्ट

पियुषनं डब्ब्याची वायर कपाटामागच्या बोर्डात नेली. राउटर, म्हणजे नेटची डबी, जाग्यावरच राह्यली. तिची वायर पुरत नव्हती. पंपाले न्हाणीजवळचा बोर्ड नीट करून देला. आता मरन कसा कॅमेरा.

७ ऑगस्ट

मेला.

९ ऑगस्ट, राखी

घर कसं भकास. खुशी असती त साऱ्याइच्या हाताले दोरे बांधत फिरली असती, बकरीच्याही.

अंकुर दुपारी शुद्धीत होता. जेवाले बसला. "माय, तुह्या कॅमेऱ्यात मी दिसलो त मलेही पडद्यावर दाखवशीन?"

"पह्यले तुलेच दाखवीन."

तो उठून गेला. बाजूले जेवत होते त्या याह्यचा घास हातातच राह्यला. म्हणे, भाजी खारट झाली. भाजी बरोबर होती.

११ ऑगस्ट, सोमवार

रोज तेच. दिवे लागले का बंद. अन् आता जेवणाच्या टायमाले आपोआप चालूही होते. हे नवीनच.

बसंतीबाई आज हसली नाही. "ताई, बाया बोलून राह्यल्या. विमलताईचं पोरगं तिथं जाते, म्हणून विमलताईच बंद करत असन." मी म्हटलं, कोण बोललं तिले समोर आण. म्हणे, "कोणाकोणाले आणू?"

सूनही गेली अन् इज्जतही. पियुषले फोनवर लय वाईट बोलली. त्याच्या मायचंही काढलं. काढाले नव्हतं पाह्यजे.

१२ ऑगस्ट

तरी आला बिचारा. डब्बा पाह्यला. "काकू, तारीख बरोबर हाय. म्हणजे डब्ब्याची लाईट गेलीच नाही. फक्त नेट गेलं. क्लाउडवर पोचलं नाही, पण डब्ब्यात सारं असन. गल्लीचंही अन् या खोलीचंही."

या खोलीचं? विसरूनच गेलती. परल्याच्या माणसानं डब्ब्याले हात लावू नये म्हणून एक कॅमेरा आम्ही डब्ब्यावरच रोखला होता.

पियुषनं टीव्हीवर चालू केलं. थोडं पाह्यलं अन् उठला. "काकू, मी बाहेर बसतो. तुमी पाहा."

पाह्यलं. आज लिवत नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

काल टीव्हीवर पाह्यलं ते आज लिवतो. हे आले खोलीत. पंप नव्हता हातात. दाराकडे पाह्यलं अन् राउटरची पिन काढली. मंग तिथंच स्टूलावर बसून राह्यले, पिन मुठीत धरून. तिकडं गल्लीच्या चित्रात अंकुर अड्ड्याकडे गेला. अंकुर झोकांड्या खात परत आल्यावर पिन लावली. रोज.

सकाळी वावरात चालले होते, दारात आडवी झाली. म्हणे, "पोरगं हाय माह्यं. साऱ्या गावात पडद्यावर कसं पाहू त्याले?"

म्हटलं, खुशी कोणाची हाय मंग?

मी सांगतलं — उद्या चौदा तारीख, क्लाउडवर चित्र जायची शेवटची संध्याकाळ. मी डेअरीवर जाईन, घरी तुमी एकटेच राहसान. पिन राहू देता का काढता, उद्या दिवे लागायच्या आत मले सांगा. नाही सांगतलं त राजूरले फोन तुमीच लावजा, अन् खुशीले सांगजा का पिन आबानं काढली.