रागीला घेऊन कुमट्याला

सर्जापूर रोड, बेंगळुरू
२३ एप्रिल २०२५

तीर्थरूप अप्पांस,
वाणीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

काल संध्याकाळी येलहंकाच्या घरी आले तर दाराला कुलूप, आणि आत टीव्हीजवळ तुमचा फोन वाजत होता. शेजारच्या मोहनकुमारांनी सांगितलं, की तुम्ही सकाळीच भाड्याची गाडी करून, रागीला मागच्या सीटवर निजवून कुमट्याला आत्याकडे गेलात. तुम्ही फोन नेला नाही, आत्याला फोनवर ऐकू येत नाही. म्हणजे लेकीने पत्रच लिहावं असा बेत दिसतो. सरी, बरं तर, लिहिते.

दोन मे ही तुमच्या स्टेंटची तारीख आहे. ती पुढे ढकलू नका, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलंय. रागीच्या पोटातली पानथरीवरची गाठ कधीही फुटेल, तिला यातून सोडवा, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, तर तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. जणू गाठ मीच आणली. आणि आता बारा वर्षांच्या आजारी कुत्रीला नऊ तास गाडीत घालून नेलंत.

जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली देवघरातच राहिलीय. सोबत पाठवतेय. ती खिशात ठेवा. कपाटात नाही, खिशात.

रागीच्या कानामागे माझ्या वतीने खाजवा. तुमच्यावर रागावलेली असले तरी तुमचीच,
वाणी


कुमटा
२६ एप्रिल

चिरंजीव वाणीस,
अप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आणि बाटली काल मिळाली. तुझं पत्र वाचून अक्का म्हणाली, पोरीनं वकील व्हायला हवं होतं.

आजचा दिवस फार शांत गेला. सकाळी आठला रागीला घेऊन किनाऱ्यावर गेलो. घरापासून पाचशे पावलं, पण तिला तीनदा बसावं लागलं. सुरूच्या सावलीत चादर अंथरली. ओहोटी होती, चिटपाखरू नव्हतं. रागी काही लाटेपर्यंत गेली नाही. थोडं खाली गारशा वाळूवर पोट टेकून पडून राहिली. पोट स्वल्प फुगलंय, डोळे मात्र बरे आहेत. अक्काच्या दहीभाताचे चार घास माझ्या बोटांवरून चाटले. दुपारपर्यंत तिथेच होतो, उठावंसं वाटेना. बसवंत म्हणून एक जाळी विणणारा भेटला, भला माणूस. त्याने तिला उचलून घरी आणलं.

तारखेचं म्हणशील, तर घाई कसली? रागीचं काय ते होऊ दे, मग बघू. तिला सोडून मी येणार नाही, आणि तिला सुई टोचायला माझा होकार मिळणार नाही. यावर पुन्हा लिहू नकोस.

जेवण वेळेवर करत जा. बाकी क्षेम. आशीर्वाद आहेतच, राग तेवढा आटोपता घे.
अप्पा


कुमटा
२८ एप्रिल

चिरंजीव वाणीस,
धनलक्ष्मी आत्याचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसवंतची भाची हर्षिता हिच्या हाती देतेय. ती मारतहळ्ळीला नोकरीला असते. आजच्या बसने निघून सकाळी थेट तुझ्या दारात येईल. कुणाकरवी तुला फोन करायचा नाही, अशी रघुपतीने मला शपथ घातलीय. पत्राचं त्याच्या ध्यानात आलं नाही.

शनिवारचा दिवस शांत गेला असं त्याने तुला लिहिलं. मी मागे उभी राहून वाचलं. तो उठला नाही, कारण त्याला उठता येत नव्हतं. साडेनऊला छातीत कळ आली, डावा हात जड पडला. बाटली माझ्या फळीवर. त्याने हाका मारल्या म्हणतो. ऐकणार कोण? पाचशे पावलांवर मी होते, आणि मी ही अशी बहिरी. ऊन सरकत अंगावर आलं तरी त्याला चादर ओढता येईना. रागी पोट घासत वर आली आणि त्याच्या पायांवर मान टाकून पडली.

एक वाजता बसवंत तिकडून गेला म्हणून बरं. आधी कुत्रीला न्या, असा याचा हट्ट. बसवंतने कन्नडमध्ये चांगलं झापलं आणि याला पाठीवर घेतलं. रागीसाठी परत गेला. इथल्या डॉक्टरांनी हृदयाची ईसीजीची पट्टी काढून बेंगळुरूला आजच न्या म्हटलं. हा ऐकत नाही. काल पुन्हा कळ आली.

माझ्याशी तो पाटीवर लिहून बोलतो. काल तुझ्या आईचं लिहिलं, शारदा ऑपरेशनला आत गेली ती परत आली नाही, मला त्या दारातून आत जायची भीती वाटते. मी वाचलं न वाचलं तोच त्याने पुसून टाकलं.

तू ये. भांडायला नको, गाडी घेऊन ये. रागीलाही न्यायचं म्हण, तरच तो उठेल. तुझी वाट पाहत दारातच बसलेली,
आत्या


येलहंका
९ मे

तीर्थस्वरूप अक्कास,
रघुपतीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

स्टेंट बसला. परवा घरी आलो. पोचल्यावर लिही म्हणाली होतीस, त्याला आठ-दहा दिवस उशीर झाला. वाणीने तुला हर्षिताकरवी निरोप पाठवला होताच, पण वाटेत काय झालं ते मीच सांगायला हवं.

शिवमोग्गा मागे पडेपर्यंत रागी माझ्या मांडीवर झोपून होती. मग एकदम थरथरली. ओठ वर करून पाहिलं, तर हिरड्या पांढऱ्याफटक. वाणीने गाडी हाणली ती तुमकूरच्या जनावरांच्या दवाखान्यात थांबवली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला आणि म्हणाल्या, गाठ फुटलीय, आता ठेवलंत तर फक्त वेदनेसाठी ठेवाल. त्यांनी कागद पुढे केला. वाणी मला म्हणाली, तुम्ही बाहेर बसा, सही मी करते.

अक्का, शारदाच्या ऑपरेशनच्या कागदावर सही माझी होती. दोन वर्षं मला वाटत आलंय, की ती त्या सहीने गेली. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुझ्या पाटीवरही लिहिलं नाही. रागीला मी कुमट्याला पळवलं ते तिच्यासाठी नव्हेच. पुन्हा कागदापुढे बसायचं नव्हतं.

पण त्या टेबलावर ती धापा टाकत होती. मी वाणीला म्हटलं, सही माझी, आणि मी बाहेरही बसणार नाही. सुई लागली तेव्हा तिचं डोकं माझ्या दोन्ही हातांत होतं. श्वास लांबत गेला. कितीतरी दिवसांनी तिचं अंग सैल झालेलं पाहिलं.

तिला तिथल्याच दवाखान्यातल्या शिपाई पिराजीच्या शेतात पुरलं. माझ्या छातीचं कारण सांगून कुणी मला मातीला हात लावू दिला नाही.

दोन तारखेला दवाखान्यात माझा कागद आला. मी सही केली. खाली नातेवाइकाचीही लागते. ऑफिसात वीस माणसं सांभाळणारी ही पोर, पण तिचं पेन कागदाला टेकेना. नर्सला नाना प्रश्न विचारत राहिली. मी तिला जवळ बसवून म्हटलं, आत काहीही झालं, तरी ते तुझ्या सहीने होणार नाही. हे मी शुद्धीत असताना सांगतोय, नीट ऐकून ठेव.

तिने सही केली, आणि मला आत नेईपर्यंत माझा हात सोडला नाही.

बसवंतला नमस्कार सांग. आहे तशी माया राहू दे.
तुझा,
रघुपती