मोजायचं काम माझं नव्हतं

प्रिय आई,

देवाने सांभाळलेल्या तुझ्या लेकीचा सलाम.

आधी बातमी वाच, मग रागाव. गेल्या आठवड्यात माझं पोटाचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. आता हिंडते-फिरते, जेवतेही. आधी कळवलं असतं तर तू अन्नपाणी सोडून बसली असतीस.

ऑपरेशनच्या वेळी पोटात घातलेले गॉजचे तुकडे सगळे बाहेर आले का, हे मोजायचं काम इथे हॉस्पिटलात माझं. बारा वर्षांची सवय. टेबलावर आडवी झाले तरी मी ट्रेमधले तुकडे मोजत होते. जोडीची नर्स म्हणाली, "ताई, आज तुम्ही पेशंट आहात. आम्ही मोजतो."

तेव्हा तुझी प्रार्थना आठवली. शेवटी तू नेहमी म्हणतेस, "बापा, सगळं तुझ्या हातात." मला वाटायचं, आई हात झटकून मोकळी होते. त्या दिवशी मीही तेच म्हटलं.

गाठीचा रिपोर्ट तीन दिवसांनी आला. ते तीनही दिवस मी शांत झोपले, आणि ते औषधाने नव्हे.

तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग. लपवायची सवय मला तुझ्याकडूनच लागली आहे.

त्याच्याच हातातली,
तुझी धाकटी